दिल्या घरची धाकटी

(दृश्य : शिवाजी पेठेतलं जुनं घर. ओसरीवर आजी. हातात डीएनए चाचणीसाठी लाळ भरायची प्लास्टिकची छोटी नळी.)

अर्धा तास मिश्री नाही, चहा नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. शहाऐंशी वर्षांच्या तोंडाला लाळ सुटेना. नळी रेघेपर्यंत भरायला आजीला वीस मिनिटं लागली. मध्येच म्हणाली, "आता ऱ्हाऊ दे का रं?" आणि लगेच स्वतःच नळी पुन्हा ओठाला लावली.

तिला आईचं नाव हवं होतं.

आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. आई म्हणजे तिच्या वडिलांची दुसरी बायको, पाटाची : पहिला नवरा वारल्यावर पुन्हा लग्न लावलेली. सासरी सगळे तिला 'धाकटी' म्हणायचे. माहेर कुठलं, कुणाची लेक, हे आजीला कुणी सांगितलं नाही, आणि सांगू शकणारी माणसं एकेक करून गेली.

(दृश्य : गावाकडची वाट. शिंगांना गोंडे बांधलेला बैल.)

सुगी सरली की आमच्या गावात हेळवी येतो. बैलावर बसून गावोगावच्या घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणं, हे त्याचं पिढीजात काम. चोपडी उघडून तो मूळ पुरुषापासून म्हणत निघतो : कुणाला किती लेक, त्यातल्या कुणी गाव सोडलं, कोण कुठं जाऊन राहिला. आमच्या घराच्या नऊ पिढ्या त्यानं न अडखळता म्हटल्या. धाकटीचं विचारलं तेव्हा मात्र थांबला. चोपडीत आमच्या घरची एकही बाई नव्हती.

मग कोल्हापूरचं पुराभिलेखागार. मोडी वाचणाऱ्या एका बाईंना सोबत घेऊन दिवसच्या दिवस बसलो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचं बळ दिलं, म्हणून आशा होती. पण रात्रीच्या वेळी चार माणसांत लावलेला पाट कागदापर्यंत पोचतोच असं नाही. आमच्या घरचा सापडला नाही. गावच्या कोतवाल बुकात आजीच्या जन्माची ओळ मिळाली. बापाचं नाव, जात आणि एक शब्द : 'मुलगी'. जिनं जन्म दिला तिच्यासाठी त्या ओळीत जागा नव्हती.

(दृश्य : संगणकाचा पडदा. नावांची यादी.)

म्हणून डीएनए. आईकडून लेकीला आणि लेकीकडून नातीला जाणारा एक धागा असतो, मायटोकॉन्ड्रियाचा. आजीच्या आईचा तो धागा आजीत आहे, माझ्या आईत आहे, माझ्यातही आहे. माझ्यापाशी मात्र तो संपतो, कारण मी मुलगा. पण हा धागा फार सावकाश बदलतो. दोघांचा तो जुळला तरी त्यांची सामाईक आई कित्येक शतकांपूर्वीची असू शकते. त्यावरून एखादं घर सापडत नाही.

घर सापडतं ते बाकीच्या डीएनएवरून, जो निम्मा आईकडून येतो आणि निम्मा वडिलांकडून. किती डीएनए सामाईक आहे, हे सेंटिमॉर्गन या मापात मोजतात. सख्ख्या मामेभावाशी सरासरी साडेआठशेच्या वर जुळतं, त्याच्या मुलाशी त्याच्या निम्मं. मराठी माणसं या चाचण्या फारशी करत नाहीत, त्यामुळे चाचणी करणाऱ्या परदेशी कंपनीनं दिलेल्या, डीएनए जुळणाऱ्यांच्या यादीत जवळचं कुणी दिसेल असं वाटलं नव्हतं. सात आठवड्यांनी एक नाव आलं. पुण्यात नोकरी करणारे, मूळचे कागल तालुक्यातले एक गृहस्थ. ४१२ सेंटिमॉर्गन.

आनंद झाला, पण घाई केली नाही. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत. त्याच चार गावांत पिढ्यान् पिढ्या सोयरिकी. त्यामुळे लांबचा नातलगही आकड्यात जवळचा दिसतो, आणि त्या कंपनीचा नात्याचा अंदाज इथं जसाच्या तसा धरता येत नाही. अशा वेळी नुसती बेरीज बघायची नाही, सामाईक डीएनएच्या तुकड्यांची लांबी बघायची. जुन्या सोयरिकीतून आलेले तुकडे पिढीगणिक तुटून बारीक झालेले असतात. जवळच्या नात्यातले लांब राहतात. आमचे जुळलेले तुकडे बरेच लांब होते. मग आजीच्या चुलतभावाचीही चाचणी केली. त्याचं त्या गृहस्थांशी काहीच जुळलं नाही. म्हणजे हे नातं आजीच्या वडिलांकडून आलेलं नव्हतं. आईकडूनच.

फोन केला तेव्हा माझा आवाज कापत होता. कुणाच्या घरात पाऊल टाकतोय, त्या घरानं काय झाकून ठेवलंय, काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "पणजोबांना एक मुलगी होती म्हणे. तिचं नाव घरात घेत नव्हते." आणि आठवड्यानं त्यांनी जमिनीच्या जुन्या फेरफाराची नक्कल पाठवली.

(दृश्य : पिवळा पडलेला कागद. अक्षरांवरून सरकणारं बोट.)

१९५९ सालची वारस नोंद. हिंदू वारसा कायदा जून १९५६ मध्ये लागू झाला आणि लेकी वारस ठरल्या. बापाआधी वारलेल्या लेकीची मुलंबाळंही ठरली. आजीचे हे आजोबा चार वर्षं आधी गेले असते, तर या कागदावर फक्त मुलगे आले असते. तलाठ्यानं मुलगे लिहिलेत, दोन मुली लिहिल्यात, आणि खाली : मयत मुलगी, तिचं नाव, दिल्या घरचं गाव. त्या गावाचं नाव आमचंच. त्याखाली : 'तिची मुलगी, वय अंदाजे २०, ठावठिकाणा माहीत नाही.'

ते नाव या फिल्ममध्ये येणार नाही. दोन्ही घरांची तशी इच्छा आहे.

आजीला मी ते वाचून दाखवलं. तिनं आणखी दोनदा वाचायला लावलं. आईचं नाव एकदा स्वतः म्हणून पाहिलं, हळू, जिभेवर घोळवून. मग तिचं बोट खालच्या ओळीवर गेलं.

"ही मी?"

"हो, आजी."

दोन्ही गावांमध्ये वीस किलोमीटरसुद्धा अंतर नाही. आजी बराच वेळ कागदाकडं बघत बसली.

"म्हंजे त्यास्नी म्हाईत हुतं," ती म्हणाली, "मी हाय ते."