तीन नंबर झोपलाय

ऐकताय ना? धकधक धकधक, आणि मधेच एक ठोका गायब. परत ऐका. गाडी न्यूट्रलला उभी आहे, आणि मडगार्डवर ठेवलेला पाना थरथरत सरकत सरकत शेवटी खाली पडतो. ही बाबांची प्रीमियर पद्मिनी, १९८८ चं मॉडेल, गियर स्टिअरिंगला, १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. घराणं इटलीच्या फियाट ११०० चं पण जन्म कुर्ल्याचा. मुंबईत हिच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ पर्यंत दिसायच्या, आमच्या सांगलीत मात्र हिला अजून सगळे फियाटच म्हणतात.

जुनी गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे असा ठोका चुकवायला लागली, की बघायला आलेला प्रत्येकजण एकच शब्द बोलतो, कार्बोरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण पुरवणारा भाग. आम्हीपण ऐकलं, गॅरेजला नेली, कार्बोरेटर उघडून घेतला, त्यातली पेट्रोलची बारीक भोकं, म्हणजे जेट, फुंकून घेतले, पैसे मोजले आणि घरी येईपर्यंत परत तेच रडगाणं. मग बाबा म्हणाले, "अरे कार्बोरेटर एक आणि सिलिंडर चार, तो बिघडला तर चौघांनाही त्रास व्हायला पाहिजे ना? इथे एकच जण झोपलाय. आधी तो कोण ते बघ."

बघायचं कसं, तर इंजिन बंद करायचं, एका स्पार्क प्लगची, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या प्लगची, वायर काढायची, त्या वायरीत एक जुना प्लग खोचून तो बॉडीला घट्ट टेकवून ठेवायचा, वायर लोंबकळत सोडायची नाही कारण ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलवर ताण येतो, आणि मग इंजिन चालू करून ऐकायचं. चालू इंजिनवर नुसत्या हाताने वायर उपटणारे लोक असतात, त्यांच्या नादी लागू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात.

एक नंबरची काढली, इंजिन अजूनच बसलं. म्हणजे तो काम करतोय. दोनचंही तसंच. तीनची काढली, आणि काहीच फरक नाही. आधी जसं रडत होतं तसंच. चारची काढल्यावर तर बंदच पडायला आलं.

हा तीनचा प्लग. टोक काळं, ओलं, नाकाजवळ नेला की पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल पोचतंय, पेटत नाहीये. पांढरट कोरडा निघाला असता तर मी आधी हवा कुठून घुसतेय ते शोधलं असतं, मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या, पॅकिंगवर साबणाचं पाणी सोडलं की आवाज बदलतो का बघायचं. मग तीनचा प्लग पुसून एकला लावला, एकचा तीनला. मिसिंग तीनलाच. प्लग निर्दोष सुटला.

आता रात्र. अंगणातले दिवे बंद, बोनेट उघडं, इंजिन चालू. हे उघड्यावरच करा, बंद गॅरेजमधला धूर जीव घेतो, आणि बाही, ओढणी फॅनपासून लांब ठेवा. डोळे अंधाराला सरावायला दोनतीन मिनिटं गेली. आणि मग ते बघा, तीनची वायर जिथे इंजिनाच्या हेडला टेकलीय तिथे, निळी ठिणगी, टिक, टिक, टिक. स्पार्क तीनच्या प्लगपर्यंत जातच नव्हता, वाटेतच उतरत होता. इंजिन मिनिटाला ८०० फेरे मारत असेल तर एका प्लगला ४०० वेळा स्पार्क लागतो, ते सगळे असे वाया.

सकाळी उजेडात वायर पुसून बघितली तर चांगली दिसली. बोटांत धरून वाकवल्यावर चीर उघडली, केसाएवढी.

नवीन सेट आणला. वायरी एकेक करूनच बदला, कारण फायरिंगचा क्रम १-३-४-२, सगळ्या एकदम काढून मागे एकदा आम्ही उलटसुलट लावल्या होत्या, सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या आजी बाहेर आल्या. चारही प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडलीच होती म्हणून आतले पॉइंटपण पॉलिश पेपरने घासून घेतले आणि फिलर गेजने साधारण ०.४ मिमीचा गॅप ठेवला.

चावी बाबांनीच मारली. पाना मडगार्डवर होता तिथेच. बाबांनी बोनेटवर कान झुकवला, मिनिटभर ऐकलं.

"टॅपेट वाजतायत रे."