हाडाला धरून राहिलेलं मांस

मंडळी, आत्ता ओळख करून देताना सांगितलं गेलं की मी आज तुम्हाला हाडावरून मांस आपोआप गळून पडणाऱ्या रिब्ज, म्हणजे डुकराच्या बरगड्या, शिकवणार आहे. तिथूनच सुरुवात करते, कारण मला नेमकं उलट सांगायचं आहे. रिब नीट शिजली की मांस हाडाला धरून असतं. तुम्ही चावा घ्याल तेवढाच घास सुटून येतो, बाकीचं जागेवर राहतं आणि चावल्या जागी दातांची अर्धगोल खूण दिसते. बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यांवर, धुरावर सावकाश मांस शिजवणं, आणि अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत परीक्षक हेच बघतात. उचलल्याबरोबर हाड हातात आणि मांस ताटात, असं झालं तर ती रिब गरजेपेक्षा जास्त शिजली असं धरतात. मऊ म्हणजे लगदा नव्हे, एवढं आज तुमच्या मनात बसलं तरी मला पुरे आहे.

कॅन्सस सिटीत येऊन मला बावीस वर्षं झाली. पहिल्यांदा रिब्ज आणल्या तेव्हा मी आपल्या घरच्या सवयीने त्या कुकरला लावल्या. मांस मऊ झालं, पण चव कशालाच नव्हती. तेव्हा विचार केला की मटण कुकरला लावतो तेव्हा असं का होत नाही? कारण मटणाचं पाणी आपण रस्सा करून ताटात घेतो. मांसातून जे पाण्यात उतरलं ते पोटातच जातं. रिब्जना रस्सा नसतो. माझं ते पाणी सिंकमध्ये गेलं आणि चव त्याच्यासोबत गेली. म्हणून कुणी तुम्हाला सांगितलं की आधी उकळून घ्या आणि मग सॉस लावून भाजा, तर ऐकू नका.

आता मांसाकडे बघू. दुकानात दोन प्रकार दिसतात. बेबी बॅक रिब्ज पाठीच्या कण्याजवळच्या असतात. त्या आखूड असतात म्हणून ‘बेबी’. डुकराच्या वयाशी त्याचा संबंध नाही. स्पेअर रिब्ज त्याखालच्या, पोटाकडच्या. त्यात चरबी जास्त, हाडं लांब आणि चपटी. स्पेअर रिब्जच्या टोकाचा कूर्चेचा भाग कापून चौकोनी पट्टी केली की तिला सेंट लुई कट म्हणतात. बेबी बॅक लवकर शिजतात, पण त्यांचं मांस चरबीला कमी, त्यामुळे कोरडं पडायलाही वेळ लागत नाही. मला विचाराल तर सेंट लुई कट घ्या. नवशिक्याची चूक ती चरबी पोटात घालते.

मांस चिवट का असतं? बरगड्यांमधले स्नायू डुकराच्या प्रत्येक श्वासाबरोबर हलतात, आयुष्यभर. त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजेन तिथे भरपूर असतं. पोर्क ६३ अंश सेल्सियसला खायला सुरक्षित होतं, पण त्या तापमानाची रिब तुम्हाला चावता येणार नाही. ७० अंशांच्या पुढे कोलॅजेन विरघळायला लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं. हे काम सावकाश चालतं, त्याला तास लागतात. पायाचा रस्सा प्यायल्यावर ओठ एकमेकांना चिकटतात ना, तेच हे जिलेटिन. रिब्जमध्ये ते मांसाच्या धाग्यांमध्येच राहतं आणि तोंडात ओलावा देतं. ९० ते ९५ अंशांपर्यंत मांस पोचलं की काम झालं. आच मोठी केली तर कोलॅजेन विरघळायच्या आधीच बाहेरचं मांस वाळून जातं.

हे रसायन कुणी मांडायच्या कितीतरी आधी ज्यांच्या हातात होतं, त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जायचं नाही. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आला. पण अमेरिकेच्या दक्षिणेत खड्डे खणून, लाकडाचे निखारे करून, रात्रभर जागून मांस शिजवण्याचं काम मुख्यतः गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांनी केलं. मेजवानी मालकाची, जागरण त्यांचं. गुलामगिरी संपल्यावर हीच माणसं आणि त्यांची मुलं उत्तरेकडच्या शहरांत आली आणि ही कला सोबत आली.

आपल्या शहरात ती हेन्री पेरी यांच्यासोबत आली. ते टेनेसीतल्या मेम्फिसजवळचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी इथे ओक आणि हिकरीच्या धुरावर शिजवलेलं मांस वर्तमानपत्राच्या कागदात बांधून विकायला सुरुवात केली. पुढे ट्रॉलीच्या, म्हणजे ट्रामच्या, जुन्या शेडमध्ये त्यांचं दुकान होतं. इथे १८७१ पासून गुरांचा प्रचंड बाजार होता, शिकागोच्या खालोखाल मोठा. तो १९९१ मध्ये बंद झाला. अशा गावात हाडांचे, चिवट तुकडे स्वस्तात मिळत आणि ते खाण्याजोगे करायला वेळ आणि लाकूड लागे. पेरी १९४० मध्ये गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या चार्ली ब्रायंट यांनी दुकान सांभाळलं आणि नंतर ते त्यांचे भाऊ आर्थर यांच्याकडे आलं. पेरींचा सॉस झणझणीत होता असं सांगतात. कॅन्सस सिटीचा म्हणून आज जगभर जो गोड, दाट सॉस बाटलीत मिळतो, तो बराच नंतरचा. आज आपण या रिब्ज हौस म्हणून करतो, तर हेन्री पेरी हे नाव आपल्याला ठाऊक असायला हवं, असं मला फार वाटतं.

बरं, आता स्वयंपाकघर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची भट्टी, नसतो, म्हणून ओव्हनचंच सांगते.

रिब्जची पट्टी उलटी करा. हाडांच्या बाजूला पांढरट, चिवट पापुद्रा दिसेल. तो शिजून मऊ होत नाही, शिवाय मसाला मांसापर्यंत पोचू देत नाही. एका टोकाच्या हाडावर बोथट सुरीने त्याची कड उचला, कागदी टॉवेलने घट्ट धरा आणि ओढा. बोटांनी धराल तर निसटेल. नंतर किलोला एक सपाट चहाचा चमचा मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मसाल्यातलं खोल मुरतं ते फक्त मीठ. बाकी सगळं वरच राहतं, म्हणून बाकीचा मसाला दुसऱ्या दिवशी लावला तरी चालतो. त्यात ब्राऊन शुगर, पॅप्रिका, मिरपूड, लसणाची आणि कांद्याची पूड, थोडी मोहरीची पूड. ब्राऊन शुगर नसेल तर गुळाची पावडर घ्या, पॅप्रिकाच्या जागी काश्मिरी मिरची. मसाल्यात पुन्हा मीठ घालू नका.

ओव्हन १३५ अंश सेल्सियसवर, म्हणजे २७५ फॅरनहाइटवर ठेवा. पट्टी दुहेरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. फॉइल का, ते सांगते. उघडं मांस शिजताना त्यातून पाणी बाहेर येऊन उडत राहतं आणि आपल्याला घामाने गार वाटतं तसं मांसही गार होतं. ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तापमान तासन्‌तास हलत नाही. फॉइलमध्ये वाफ कोंडली की ही अडचण राहत नाही. बेबी बॅकला दोन ते अडीच तास, सेंट लुई कटला तीन, कधी साडेतीन. मग फॉइल उघडा आणि अर्धा तास तशाच ठेवा, म्हणजे वरचं मांस सुकून गडद होतं. सॉस अगदी शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत लावा. त्यात साखर असते, आधी लावलात तर तो करपून कडू होतो.

झालं की नाही हे घड्याळाला विचारू नका. चिमट्याने पट्टी एका टोकाला धरून उचला. ती कमानीसारखी वाकली आणि वरच्या मांसाला बारीक भेगा पडल्या, तर झालं. ताठ राहिली तर आणखी वेळ द्या. दोन तुकडे व्हायला लागले, तर उशीर झाला. टूथपिक हाडांच्या मध्ये टोचून बघा, ती अडखळता कामा नये. हाडांची टोकं सेंटिमीटरभर उघडी पडलेली दिसतील, पण एवढ्या एका खुणेवर विसंबू नका.

मगाशी धुराचं कुणीतरी विचारलं. ओव्हनमध्ये धूर नाही, हे खरंच आहे. लाकडाच्या धुरातल्या वायूंनी मांसाच्या कडेला जी गुलाबी रेघ उमटते तीही येणार नाही. स्मोक्ड पॅप्रिकाने थोडं भागतं. लिक्विड स्मोकला नाकं मुरडतात, पण मी वापरते. तो खऱ्या लाकडाचा धूर गार करून पाण्यात धरलेला असतो आणि १८९५ च्या सुमारास तो बाजारात आणला तो इथल्याच, कॅन्सस सिटीच्या राइट नावाच्या औषधविक्रेत्याने. सॉसमध्ये पाव चमचा बास. जास्त झाला तर ओल्या राखेची चव येते.

कापायच्या आधी दहा मिनिटं थांबा. पट्टी उलटी करून कापा, म्हणजे हाडं कुठे आहेत ते दिसतं आणि सुरी अडत नाही. आणि फॉइलमध्ये जो रस साचतो तो फेकू नका. त्यातली चरबी काढून उरलेला सॉसमध्ये घाला. हाडांवर थोडं मांस राहिलंच, तर ती बीन्सच्या पातेल्यात टाका. पांढऱ्या बीन्स, थोडा टोमॅटो, थोडी काकवी, आणि ही हाडं. कॅन्सस सिटीत रिब्जच्या शेजारी बीन्स असतातच. दुसऱ्या दिवशी त्या भाताबरोबरही चांगल्या लागतात.