खेचरावरचे फादर

नमस्कार श्रोतेहो. डोंगरातल्या वस्तीवर सत्यनारायण सांगायला जाणारे भटजी असोत, की पाड्यावर मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, अर्पण करायला जाणारे फादर, त्यांचं निम्मं आयुष्य वाटेतच जातं. आज अशाच एका फादरांविषयी बोलायचंय. अर्जेंटिनातले होसे गाब्रिएल ब्रोचेरो.

1869 साली त्यांची नेमणूक झाली ती सिएरास ग्रांदेस या डोंगररांगेच्या पलीकडे. धर्मग्राम, म्हणजे एका फादरांकडे सोपवलेला मुलूख, केवढा? 4336 चौरस किलोमीटर! बृहन्मुंबई सात वेळा मावेल त्यात. आणि माणसं किती, तर दहा हजारांच्या थोडी वर. कोर्दोबा शहर दोनशे किलोमीटर लांब. मधली रांग दोन हजार मीटरच्याही वर. आपलं कळसूबाई 1646 मीटर, यावरून अंदाज करा. खेचरावर बसून तीन दिवस लागत. तीन दिवस, बरं का.

आता जी गोष्ट सांगतो ती त्या मुलखात आजही सांगतात. नदीला पूर आलेला. पलीकडच्या काठाला एक माणूस शेवटच्या घटका मोजतोय, आणि फादरांना निरोप आलाय. अलीकडचे लोक म्हणतात, फादर, जाऊ नका, पाणी ओसरू द्या. पाणी ओसरेल हो, पण तो माणूस तोवर थांबेल का? डोंगरातली नदी तुम्हाला माहीत आहे. वर कुठे पाऊस पडतो, इथे ऊन असतं, आणि बघता बघता लोंढा येतो. अशा पाण्यात खेचराच्या पाठीवर बसून राहिलं तर ओझ्यानं जनावर दबतं, दोघंही वाहून जातात. फादरांनी काय केलं? खेचर पाण्यात घातलं आणि त्याची शेपटी घट्ट धरली. शेपटी, श्रोतेहो! जनावर पोहतंय, मागे फादर ओढले जातायत. तसेच पैलतीराला लागले, आणि ओल्या कपड्यांनिशी त्या माणसाच्या उशाशी गेले.

हल्ली फोनवरून प्रार्थना होते, असं कुणी म्हणेल. होत असेल. पण मरणाऱ्याच्या कपाळाला फादर पवित्र तेल लावतात, त्याला हात जवळच लागतो, असं माझं ठाम मत आहे. आणि खेचराचंही सांगतोच. कवनं सगळी घोड्याची. डोंगरात मात्र पाऊल जपून टाकतं ते खेचर. आपल्या लष्करानंसुद्धा उंचावरची रसद खेचरांच्याच पाठीवरून नेली आहे.

असो. फादर आपल्या गावकऱ्यांना मनन-साधनेसाठी कोर्दोबाला न्यायचे, कधी कधी पाचशेहून जास्त माणसांचा तांडा, वाटेत हिमवादळ गाठायचं. मग 1877 मध्ये गावातच साधनागृह उभं राहिलं. शाळा झाली. आणि रस्ते! गावकऱ्यांना हाताशी घेऊन दोनशे किलोमीटरच्या वर रस्ते काढले. जी वाट फादरांना अवघड, ती बाळंतिणीला, धान्य बाजारात नेणाऱ्याला त्याहून अवघड, हे त्यांना रोजच्या फिरण्यातून कळलं होतं. म्हणून रस्ते. पुन्हा सांगतो, आधी स्वतः त्या वाटेनं फिरले, मग रस्ते.

कुष्ठरोग्याला भेटायला जात, त्याच्यासोबत एकाच नळीनं माते हे तिथलं चहासारखं पेय पीत. त्यातूनच त्यांना कुष्ठरोग झाला असं मानतात. दृष्टी गेली. 26 जानेवारी 1914 रोजी ते वारले. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. डोंगरापलीकडच्या गावांना रेल्वे मिळावी म्हणून ते वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालत राहिले. ती रेल्वे काही झाली नाही. नमस्कार.