सेंट्रल पार्कात शिवण शोधत फिरताना

मागे ऐकू येतंय ना? नसेल तर पुढे या, खुर्च्या आहेत रिकाम्या. तर विषय आहे न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क, आणि तिकडे जाणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, की तिथे बघायचं काय. मी स्वतः पहिल्यांदा गेले तेव्हा सगळं चुकीचंच बघून आले. झाडं बघितली, तळं बघितलं, पुलावर उभी राहून फोटो काढले आणि परत येऊन भेटेल त्याला सांगत सुटले की एवढ्या अफाट शहराच्या मधोमध त्यांनी जंगल कसं राखून ठेवलंय बघा. राखून वगैरे काही नाही हो! दलदल होती तिथे, उघडे खडक होते, मधेमधे वस्त्या होत्या. १८५३ मध्ये कायदा करून जमीन ताब्यात घ्यायचं ठरलं, मग दलदलीतलं पाणी काढलं, सुरुंग लावले, गाड्या भरभरून माती आणली, झाडं लावली, आणि तेव्हा कुठे हा ८४३ एकरांचा 'निसर्ग' तयार झाला.

म्हणून माझं म्हणणं असं की तिथे गेलात तर शिवण शोधा. चांगला शिवलेला ब्लाऊज आपण उलटा करून बघतोच की नाही, आतून काम कसं केलंय ते, तसंच.

सगळ्यात भारी शिवण रस्त्यांची आहे. पार्कच्या आराखड्यासाठी स्पर्धा ठेवली होती, ३३ प्रवेशिका आल्या आणि १८५८ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅलव्हर्ट व्हॉक्स या जोडीचा आराखडा जिंकला. स्पर्धेची एक अट होती की शहराची रहदारी आरपार जायला पार्कातून निदान चार आडवे रस्ते हवेत. आता रस्ते आले की हिरवळीचे तुकडे पडणारच. या दोघांनी काय केलं, तर ते चारही रस्ते खाली घातले, जमिनीच्या साधारण आठ फूट खाली, आणि पायवाटा त्यांच्या वरून पुलांवरून नेल्या, कडेला झाडी लावली. तुम्ही वरून चालत असता, खालून बस जाते, ट्रक जातात, आणि तुम्हाला पत्ताच नसतो, फार तर कुठूनतरी हॉर्न ऐकू येतो. आणि हे मोटारगाड्यांच्या आधीचं आहे बरं का, तेव्हा सगळा घोडागाड्यांचा कारभार होता. पार्कच्या आतले जे वळणावळणाचे रस्ते आहेत ना, ते गाड्यांना पूर्ण बंद व्हायला मात्र २०१८ उजाडलं.

पाण्याचंही तेच. तळी सगळी माणसांनी केलेली. रॅम्बल म्हणून जो दाट झाडीचा भाग आहे तिथे एक छोटा ओढा वाहतो, खडकांवरून खळखळ, बघून माणूस कवी व्हायचा, पण ते शहराच्या नळाचं पाणी आहे. चावी बंद केली की ओढा बंद! मला हे कळलं तेव्हा आधी फसवल्यासारखं वाटलं, मग हसू आलं, आणि मग त्या ओढ्याबद्दल उलट आदरच वाढला.

खरंखुरं जुनं काय असेल तर ते खडक. काळपट, अभ्रकामुळे चमकणारे, साधारण ४५ कोटी वर्षांचे. हिमनदी त्यांच्यावरून सरकत गेली त्याचे ओरखडे अजून स्पष्ट दिसतात, हात फिरवून बघा, मुलं त्यावर घसरगुंडी खेळत असतात.

मॉल नावाचा जो रुंद रस्ता आहे, दुतर्फा एल्मची झाडं असलेला, त्याबद्दल थोडक्यात सांगते कारण तिथे सगळेच जातात. बाकी पार्क मुद्दाम वळणदार आणि हा मुद्दाम सरळ. एल्मच्या रोगाने अमेरिकेत ही झाडं शहरंच्या शहरं साफ झाली, इथली सांभाळून टिकवली आहेत, तेवढ्यासाठी मान वर करून चाला.

आणि हो, दिव्याचे खांब. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पार्कात वाट चुकते, माझी तीनदा चुकली. प्रत्येक खांबावर चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे जवळचा रस्ता कितवा, आणि शेवटचा आकडा विषम असेल तर तुम्ही पश्चिमेच्या बाजूला, सम असेल तर पूर्वेच्या.

आता ती शिवण, जी दिसू नये म्हणून खूप वर्षं काळजी घेतली गेली. १८२५ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्ण संपायच्या दोन वर्षं आधी, बूट पॉलिश करणाऱ्या अँड्र्यू विल्यम्स या काळ्या तरुणाने आज पार्क आहे त्याच जागेवर १२५ डॉलरला तीन प्लॉट घेतले. आणखी लोक आले, सेनेका व्हिलेज नावाची वस्ती उभी राहिली, तीन चर्च, शाळा, १८५५ च्या सुमाराला सव्वादोनशे माणसं, बहुतेक काळी आणि काही आयरिश. जमिनीला इतकं महत्त्व का, तर काळ्या पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची मालमत्ता लागायची, गोऱ्यांना अशी अट नव्हती. म्हणजे प्लॉट हा नुसता प्लॉट नव्हता. वर्तमानपत्रं मात्र या भागाला झोपडपट्टी म्हणत राहिली, आणि १८५७ पर्यंत पार्कसाठी सगळे हलवले गेले. मालकांना मोबदला मिळाला, पण तो कमी आहे म्हणून तक्रारी होत्याच.

२०११ मध्ये तिथे उत्खनन झालं. एका घराचा दगडी पाया सापडला, लोखंडी किटली सापडली, आणि एका लहान मुलाचा चामडी बूट.

तर जाल तेव्हा ८५व्या रस्त्यावरच्या पश्चिमेकडच्या दरवाजातून शिरा, मरिनर्स गेट म्हणतात त्याला. लोक चटया टाकून पडलेले असतील, कुणी फ्रिसबी खेळत असेल. खांबाचे आकडे वाचत चाला. ८२ ते ८९ ने सुरू होणारा आणि शेवटी विषम असलेला आकडा दिसला की समजा, तुम्ही कुणाच्यातरी अंगणात उभे आहात.