देवाला विचारलं, मतदाराला कोण विचारणार?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पक्षांतरबंदी कायदा आणि सरकारची जबाबदारी’. तिकडे येतोच, पण गोव्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

जुलै २०१९. गोवा विधानसभेत काँग्रेसचे आमदार १५. त्यातले १० भाजपमध्ये गेले. दहाच का? पंधराचे दोन तृतीयांश दहा. नऊच गेले असते तर नऊही जणांवर अपात्रतेची टांगती तलवार. दहावा आला, दोन तृतीयांश भरले आणि कायद्याच्या भाषेत ते ‘विलीनीकरण’ झालं, म्हणजे अपात्रतेतून सूट. या दहांत होते विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकर. तीन दिवसांत ते उपमुख्यमंत्री झाले! सरकारला जाब विचारणं हेच ज्याचं काम, तोच सरकारात. अपात्रतेच्या अर्जांवर सभापतींचा निकाल आला एप्रिल २०२१ मध्ये, अर्ज फेटाळले. उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला फेब्रुवारी २०२२ मध्ये. तोवर पुढच्या निवडणुकीचं मतदानही उरकलं होतं.

त्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन निष्ठेच्या शपथा घ्यायला लावल्या. निवडून आले ११. सप्टेंबरात त्यातले ८ भाजपमध्ये गेले. मागे बसलेली तरुण मंडळी हसताहेत. हसा, पण अकराचे दोन तृतीयांश काढून बघा, आठच लागतात. त्या आठांतले मडगावचे आमदार दिगंबर कामत म्हणाले, मी देवाला विचारलं, देव म्हणाला तुला योग्य वाटेल ते कर. देवाला विचारलं, ठीक. मडगावच्या मतदाराला कोणी विचारलं?

‘आयाराम गयाराम’ म्हणून गाजलेली हरियाणाच्या गयालालांची १९६७ ची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, ती सोडतो. पण आपले यशवंतराव चव्हाण गृहमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती बसली होती, हे आपण विसरतो. त्या समितीला काय आढळलं? २१० फुटीर आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपद मिळालं होतं. म्हणजे मूळ दुखणं मंत्रिपदाचं, हे तेव्हाच कळलं होतं. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, मात्र हात घातला तो आमदाराच्या मतालाच.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

या कायद्यात एकट्याने ‘नाही’ म्हणण्याला शिक्षा आहे, घाऊक फुटण्याला नाही. सत्ताधारी आमदाराला एखादं विधेयक आपल्या तालुक्याच्या मुळावर येणारं वाटलं, तर तो सभागृहात बोलेल. पण व्हिप, म्हणजे मतदानाचा पक्षादेश, निघाला असताना विरोधात मत दिलं की आमदारकी धोक्यात. मग मंत्री त्याची समजूत कशाला घालेल? मतं आधीच मोजलेली असतात. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक तृतीयांश आमदार फुटले तर मिळणारी सवलत काढली, मंत्रिमंडळावर सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा आणली, चांगलंच झालं. विलीनीकरणाची वाट मात्र मोकळीच राहिली. आणि निवाडा विधानसभेच्या अध्यक्षांच्या (गोव्यात सभापतींच्या) हाती. शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली, अध्यक्षांचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये, अपात्र कोणीच नाही.

दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सांगितलं होतं: मतदानावरून अपात्रता फक्त विश्वास-अविश्वास ठरावापुरती ठेवा, आणि निर्णय राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने घ्यावा. त्यात माझी एकच भर: विलीनीकरणाची सूटही काढा. पक्ष बदलायचाय? एक असा की दहा, राजीनामा द्या आणि पुन्हा निवडून या.