खोंडाचं वयात येणं आणि इंजेक्शनची घाई
(परळ, मुंबई येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मगाशी चहाच्या वेळी एका तबेलेवाल्या मित्राने मला गाठलं. म्हणाला, "डॉक्टर, खोंड दहा महिन्यांचा झाला, तरी गाईवर चढत नाही. टेस्टोस्टेरॉनचं एक इंजेक्शन ठोकून द्या ना!"

ठोकता येईल. खोंड चार दिवस फुरफुरेलही. पण आतला हिशोब उलटा आहे. बाहेरचं टेस्टोस्टेरॉन रक्तात आलं की मेंदूला वाटतं, भरपूर झालं. तो एलएच, म्हणजे वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन, सोडणं कमी करतो, आणि एलएचचा हुकूम थांबला की वृषणातलं घरचं टेस्टोस्टेरॉन आटतं. शुक्राणू घडायला लागतं ते नेमकं हेच, आणि रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. म्हणजे चढण्याची हौस वाढवायला जाऊन आपण कारखानाच बंद पाडतो. परदेशात मांसासाठीच्या वासरांच्या कानात वाढीच्या गोळ्या बसवतात. त्यातल्या इस्ट्रोजेनसारख्या (मादी हार्मोनसारख्या) औषधांनी लहान गोऱ्ह्यांचे वृषण खुजे राहतात, त्याचंही मूळ बरंचसं इथेच.

शिवाय चढणं म्हणजे वयात येणं नव्हे. शास्त्रात वयात आला कधी म्हणायचं? एका वेळच्या वीर्यात किमान ५ कोटी शुक्राणू आणि त्यातले निदान १० टक्के हलते असले तर. युरोपीय जातींत हे साधारण ९-१० महिन्यांत होतं, आपल्या देशी गोवंशात उशिरा. पण अंडकोषाचा घेर तेव्हा बहुधा २८ सेंटिमीटरच्या आसपास असतो. शिंप्याची टेप पुरते.

खरी गंमत मात्र फार आधी घडून गेलेली असते. वासरू अडीच ते पाच महिन्यांचं असताना एलएच एकदा उसळी घेतो. त्याच सुमारास शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशी वाढत असतात. सहा महिन्यांच्या आसपास त्यांची वाढ थांबते, आणि जितक्या झाल्या तितक्यांवरच पुढचा सगळा संसार. म्हणून संशोधकांनी ४ ते ८ आठवड्यांच्या वासरांना जीएनआरएच, म्हणजे एलएच सोडायला लावणारं हार्मोन, दिवसातून दोनदा टोचून पाहिलं, तर ती लवकर वयात आली. रोज दोनदा, महिनाभर! तबेल्यात कोण टोचत बसणार?

बरं, एलएचची ती उसळी खाण्यानेही वाढते. पहिल्या सहा महिन्यांत पोटभर दूध नि खुराक मिळालेलं वासरू लवकर वयात येतं, त्याचे वृषणही मोठे होतात. उपाशी वासराला पुढे कितीही पेंड घाला, ते भरून निघत नाही. आणि आपल्याकडे नर वासराच्या वाट्याला काय येतं? पान्हा सोडवण्यापुरतं दोन घोट. त्याचाच पुढे वळू करायचा!

त्या मित्राला मी टेप दिली आहे. घेर २८ च्या बराच आत भरला, तर थांबा आणि खुराक बघा. घेर पुरेसा असून चढत नसेल, तर आधी खूर नि मागचे पाय तपासा. दुखऱ्या पायाचा खोंड गाईकडे बघतो नि तिथेच उभा राहतो.