फळात शिरण्याआधीच गाठायची अळी

टोमॅटोच्या देठाजवळचं हे गोल भोक बघा. अळीचं तोंड आत गरात, मागचं अर्धं अंग बाहेर, आणि कडेला ओलसर विष्ठा. ही फळ पोखरणारी अळी, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. कपाशीवर आली की हिला हिरवी बोंडअळी म्हणतात, हरभऱ्यावर घाटेअळी. हिचा पतंग रात्री उडतो आणि गच्चीवरच्या कुंड्याही त्याला वर्ज्य नाहीत. अळीचं एका फळावर भागत नाही. अर्धवट खाऊन ती दुसऱ्यात शिरते, पहिलं सडतं.

फळात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. खायच्या टोमॅटोवर जहाल विष मारून तर आपलंच नुकसान. म्हणून खरं काम त्याआधीचं, झाड फुलावर आल्यापासूनचं.

आता शेंड्याकडची कोवळी पानं उलटसुलट करून पाहू. हा पिवळसर पांढरा ठिपका, खसखशीच्या दाण्याहून लहान. हे अंडं. पतंग अंडी एकेक, सुटी घालतो, त्यामुळे ती नजरेतून निसटतात. दिसलं की बोटानं चिरडायचं. यातून निघालेली अळी सुरुवातीला पानं, फुलं कुरतडते. ती हाती लागते ती याच दिवसांत. उचला आणि साबणाच्या पाण्यात टाका.

सोबत पाच टक्के निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी गाळून एकूण एक लिटर करायचं, त्यात किंचित साबण. यानं अळीचं खाणं मंदावतं, तिला कातही नीट टाकता येत नाही. अळ्या जास्त असतील तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जीवाणू. तो उन्हात टिकत नाही, म्हणून फवारणी संध्याकाळीच.

एखादी अळी काळी पडून फांदीला उलटी लोंबकळताना दिसली, तर कृपा करून ती काढू नका. तिला विषाणूची लागण झालेली असते. ती फुटली की तोच विषाणू पानांवर पसरतो आणि ती पानं खाणाऱ्या इतर अळ्यांना मारतो. माणसाला त्याचा काही अपाय नाही.

शेजारी झेंडू हवाच. पतंग त्याच्या फुलांकडे ओढला जातो. फक्त दोघं एकाच वेळी फुलायला हवेत, म्हणून टोमॅटोचं रोप पंचवीस दिवसांचं असताना झेंडूचं पंचेचाळीस दिवसांचं लावतात. झेंडूवरच्या अळ्याही वेचायच्या.

किडलेली फळं कुंडीत पडू देऊ नका. अळी कोषात जाते ती मातीतच. हंगाम संपला की ती माती उकरून कडक उन्हात पसरा.